मागून आणलेलं बी

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला एका वर्षी वाळकं उगवली. फळं लागली नव्हती, नुसती रोपं आली होती. पण ती गोष्ट गावोगाव फिरत सोनपेठच्या बाजारात पोचेपर्यंत त्या भिंतीला फळंही लागली आणि लोकांनी ती खाल्लीही. मी ती भिंत रोज बघत होते, त्यामुळे खरं काय झालं ते मला ठाऊक आहे. तेवढंच लिहिते.

आता पोरांना वाळूक म्हणजे काय ते सांगावं लागतं. काकडीचीच बहीण, पण अंगानं जाड, पाठीवर फिकट हिरव्या रेघा. कोवळं असलं की मीठ लावून कचाकचा खायचं. पिकलं की पिवळं होतं, घरभर वास सुटतो, मग ते गुळाबरोबर खायचं. त्याची खोड एकच, कोणतं कडू निघेल ते सांगता येत नाही. आमच्या घरचं वाळूक मात्र कधी कडू निघायचं नाही. पावसानं दडी मारली तरी त्याचा मोठा झालेला वेल पानं मिटून पडून राहायचा, आणि चार सरी आल्या की जिथं थांबला होता तिथून पुढं निघायचा. ते बी माझ्या आजीचं. आजीला मी पाहिलं नाही. जायच्या आधी तिनं ते लेकीच्या ओटीत घातलं आणि परसातला वेल सुनेच्या हवाली केला, म्हणजे एकच बी दोन घरांचं झालं. लेक म्हणजे माझी सोजरआत्या, तिकडं सोनपेठच्या पुढं गोदावरीच्या काठावर दिलेली. सून म्हणजे माझी माय.

आमचं गाव पेडगावच्या बाजूला. घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, पुढं ओसरी, मागं परस. न्हाणीचं पाणी वाया जाऊ द्यायचं नाही हा मायचा कायदा होता. न्हाणीपासून तिनं हातानं चर काढला होता, तो आधी अळूला, मग वांग्यांना, मग दोडक्याच्या मांडवाला आणि शेवटी वाळकाच्या आळ्याला जाऊन मिळायचा. दादा, म्हणजे माझे वडील, अंघोळ करताना दोन तांबे जास्त घ्यायचे आणि म्हणायचे, मी काही स्वतःसाठी न्हात नाही, वांग्यासाठी न्हातो. सकाळी जात्याची घरघर, मग भाकरीचा थापटा, मग मायचा परसातला आवाज. ती झाडांशी बोलायची. माणसांशी बोलायची त्यापेक्षा जास्तच. प्रत्येक वेलावरचं पहिलं चांगलं फळ बियाला सोडलेलं असायचं, त्याला कुणी हात लावायचा नाही. चवळीचं बी राखेत, दोडका वाळून खुळखुळा झाला की माळवदाच्या आढ्याला टांगलेला, वांग्याचा गर फडक्यावर सारवून वाळवलेला. वाळकाचं बी ती शेणात कालवायची आणि मागच्या भिंतीला, वळचणीखाली, छोट्या छोट्या गोवऱ्या थापायची. शेण वाळलं की त्याला किडा-मुंगी शिवत नाही. पेरणीला गोवरी फोडायची, बी हजर.

हजर म्हटल्यावर आठवलं. मी शाळेत चौथीपर्यंत गेले, पण हजेरीला माझा आवाज निघायचा नाही. गुरुजी नाव घ्यायचे आणि माझा घसा बंद व्हायचा. शेवटी शेजारी बसणारी मुलगी माझ्या वाटचं ‘हजर’ म्हणायला लागली. ती आजारी पडली की त्या दिवशी मीही गैरहजर. घरी पाहुणा आला की मी ज्वारीच्या कणगीच्या आड. दुकानात पाठवलं तर दुकानदार विचारेपर्यंत उभी राहायचे, आणि त्यानं विचारलं नाही तर रिकामी परत यायचे. गावात मला मुकी कौसाच म्हणायचे. वाईट वाटायचं नाही, उलट बरं होतं. मुकीला कुणी काही विचारत नाही.

मायचं आणि आत्याचं बिनसलं ते एका पापडाच्या दिवशी. भावकीतल्या लग्नाचे पापड लाटायला गावातल्या बायका जमल्या होत्या, आत्याही माहेरपणाला आलेली. आत्याचा आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. बोलता बोलता ती म्हणाली, “आमच्या वयनीच्या हातची भाकर लय झ्याक, पण तिच्या हाताला बी टिकायचं न्हाई बगा. हात गरम हाय तिचा.” बायका हसल्या. त्या वर्षी दोडक्याच्या बियाला कीड लागली होती, ते आत्याला कुठून तरी कळलं होतं. मायनं लाटणं चालूच ठेवलं. पण तिचे पापड एकदम एवढे पातळ झाले की उचलताना फाटायला लागले. त्या दिवसापासून ती नणंदेशी बोलायची बंद झाली. आत्या आली की पाणी द्यायची, चहा द्यायची, पण भिंतीकडं बघून म्हणायची, “चहा ठिवलाय म्हणावं.” निरोप सांगायला तिथं कुणीच नसायचं. एकदा दोनदा असा चहा पिऊन आत्यानंही यायचं सोडलं.

आणि मग तो फाल्गुन आला. फाल्गुनात कुणी पावसाची वाट बघत नाही. ज्वारीची कणसं खळ्यावर, माणसं रानात, आणि दुपारी एकाएकी अंधारून आलं. गारा पडल्या त्या बोरांएवढ्या. माळवदावर कुणीतरी वरून शेंगा ओताव्यात तसा आवाज. वारा मागच्या बाजूचा होता, त्यामुळे पाऊस तिरपा येऊन मागच्या भिंतीवरच बसला, आणि नंतरही आभाळ उघडेना, रोज थोडी भुरभुर. भिंतीवरच्या गोवऱ्या भिजून फुगल्या. एका सकाळी माय पाणी तापवायला मागं गेली आणि तिथंच उभी राहिली. सगळ्या भिंतीला कोंब फुटले होते. हिरवी दोन-दोन पानं, गोवरीगोवरीतून बाहेर निघून उन्हाकडं वळलेली. खरं सांगते, इतकी सुंदर भिंत मी पुन्हा पाहिली नाही. दादा म्हणाले, “मांडव घालू का हितंच?” माय हसली नाही. तिनं हलक्या हातानं रोपं सोडवली, आळ्यात लावली, सावली केली, सांजसकाळ पाणी घातलं. पण चैत्राच्या उन्हानं ती एकेक करून नेली. एरवी ती थोडं बी मडक्यातही ठेवायची. पण आदल्या वर्षी मडक्याला मुंग्या लागल्या म्हणून त्या वर्षी सगळं भिंतीवरच थापलं होतं. गावात दोन घरी आमचं बी दिलेलं होतं, पण त्यांनी ते कडू वाळकाच्या शेजारी लावलं आणि जात बिघडवली. म्हणजे आता ते बी राहिलं होतं एकाच घरी, आत्याच्या.

आता हे अवकाळीचं फारच नेमानं व्हायला लागलंय. हल्ली पाऊस कोणत्या महिन्यात पडेल ते पावसालाही ठाऊक नसतं. पडतो तेव्हा एका दिवसात सगळं ओतून जातो, मग महिनाभर तोंड दाखवत नाही. सून माझं बी प्लॅस्टिकच्या बाटलीत, बुडाशी राख घालून, फ्रिजच्या मागं ठेवते. मी भिंतीवरही थापते, राखेतही ठेवते आणि लेकीच्या घरीही देऊन ठेवते. एकाच ठिकाणी सगळं ठेवायचं नाही, हे त्या हिरव्या भिंतीनं शिकवलं.

मायला झोप लागेना. बी गेलं याचं दुःख होतंच, पण नणंदेचा शब्द खरा झाला याचं जास्त. चार दिवस तिनं विचार केला, आणि मग एका सकाळी माझ्या डोक्याला तेल लावता लावता सांगितलं की तू आत्याकडं राहून ये. आत्याची मळई आहे, उन्हाळ्यात नदीचं पाणी उतरलं की त्या वाळूत त्यांची वाळकं असतात. ताटात वाळूक येईलच. खाताना बी निघेल ते पुसून परकराच्या टोकाला बांधायचं आणि घेऊन यायचं. “माझ्या नावानं मागू नगंस,” ती म्हणाली. “अन् आपलं बी गेलं म्हणून तर अजाबात सांगू नगंस.” दादा तिथंच बसले होते. त्यांनी विचारलं, तिनं खोदून विचारलं तर? माय माझी वेणी घट्ट ओढत म्हणाली, “ही काय बोलणार हाय?” तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला आत्याची आठवण येत असेल म्हणून पाठवत नाहीत, मी मुकी आहे म्हणून माझी निवड झालीय.

दादांनी पाथरीपर्यंत आणून सोनपेठच्या एसटीत बसवून दिलं. उतरले तेव्हा आत्याचे यजमान, त्यांना मी मामा म्हणायचे, बैलगाडी घेऊन आलेले होते. उंच माणूस, मोठं पागोटं, तोंड अखंड चालू. मी गाडीत चढते न चढते तोच त्यांनी बैलांना हाक मारली आणि मागं न बघता म्हणाले, “काय कौसाबाई, तुमच्या भिंतीची वाळकं लय गोड निघाली म्हणं?” जे लपवायला मला पाठवलं होतं ते बाजारात माझ्या आधीच पोचलं होतं. कासारीण आमच्या गावाला बांगड्या भरून गेली होती, तिनं आणलं होतं म्हणे. मी मान खाली घातली ती आत्याच्या दारात गाडी थांबेपर्यंत वर केली नाही.

आत्यानं मात्र त्यातलं अवाक्षर काढलं नाही. पोटाशी धरलं, वाळलीस गं बाई म्हणाली, आणि धपाटे खायला घातले. तिचं घर उंचावर होतं, खाली नदी. उन्हाळ्यात पात्र कमी व्हायचं, पांढरी वाळू उघडी पडायची, आणि त्या वाळूत हातभर खड्डे खणून, तळाशी खत घालून, वाळकाचे आणि खरबुजाचे वेल सोडलेले असायचे. सकाळी घागरीनं पाणी घालायला जायचं. पायाखाली गार वाळू, डोक्यावर टिटव्यांचा आरडाओरडा, आणि पलीकडच्या काठावरून कुणीतरी मामांना हाक मारून काहीतरी विचारायचं, मामा तितक्याच मोठ्यानं उत्तर द्यायचे, आणि अर्धं बोलणं पाण्यावरच राहायचं. वाळूक तोडलं की मामा देठाकडचा काप काढून आधी स्वतः चाखायचे. कडू निघालंय का कधी, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, न्हाई, पण तपासणं माझं काम हाय.

पहिल्या दिवशी जेवायला वाळकाची कोशिंबीर होती, दाण्याचा कूट घातलेली. मी ताट चाचपलं, बी नाही. दुसऱ्या दिवशी पिकलेल्या वाळकाच्या फोडी आणि गूळ. फोडीला बियांच्या जागेचा खळगा स्वच्छ दिसत होता, बी नाही. मग वाळकाची भाजी येसराचा मसाला घालून, मग वाळूक किसून केलेले धपाटे. त्या घरात वाळकाचे इतके प्रकार होतात हे मला ठाऊक नव्हतं, आणि एकाही प्रकारात चुकून एक बी नव्हतं. मी घास चावताना दातांनी शोधायचे. मामांच्याही ध्यानात आलं असावं. एकदा जेवता जेवता ते म्हणाले, “औंदा वाळकाला बी कामून न्हाई गं?”

“तुमचे दात दुखत्यात म्हणून काढून टाकती.”

“माझे?”

“मग काय माझे?” आत्या म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी दोन फोडी वाढल्या. मामांनी आपल्या दातांना बोट लावून बघितलं आणि पुन्हा जेवायला लागले.

बी कुठं जातं ते मला दिसत होतं. आत्या सगळा गर एका मातीच्या पातेल्यात काढायची, पाणी घालून रात्रभर ठेवायची. सकाळी हातानं चोळून धुवायची. चांगलं बी तळाशी बसतं, पोचट वर तरंगतं. वरचं ती उकिरड्याच्या कडेला ओतून द्यायची; खालचं राखेत घोळून सावलीला पसरायची, आणि वाळलं की चुलीमागच्या मडक्यात. मी उकिरड्याकडं बघायचे. मायनं मागू नको म्हणून सांगितलं होतं, उचलू नको म्हणून सांगितलं नव्हतं. एका दुपारी आत्या पडलेली बघून मी गेले आणि ओतलेलं पोचट बी वेचून परकराच्या टोकाला बांधलं. पोचट बी उगवत नाही हे मला कळत नव्हतं असं नाही. पण एवढ्यात एखादं तरी चुकून आलेलं चांगलं असेलच, असं मी स्वतःला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतर माझा परकर धुवायला घेतला तेव्हा आत्याच्या हाताला ती गाठ लागली. तिनं सोडली, बघितली. मी न्हाणीच्या दाराशी ओल्या केसांनी उभी. मला वाटलं आता ओरडेल, सगळ्या आळीला ऐकू जाईल. पण तिचा आवाज पहिल्यांदाच मी इतका लहान ऐकला. “टाकलेलं उचलायला लाज वाटली न्हाई,” ती म्हणाली, “अन् मागायला वाटती?”

मी रडायला लागले. तिनं मला पायरीवर जवळ बसवून घेतलं, केस पुसायला लागली, आणि पुसता पुसता सगळं सांगितलं. भिंतीचं तिला कधीच कळलं होतं. मी आले त्या दिवशीच मी कशाला आले तेही तिनं ओळखलं होतं. पण तिच्या आईनं, म्हणजे माझ्या आजीनं, बी देताना तिला एक गोष्ट सांगितली होती की मागितल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही. न मागता मिळालेलं बी कोपऱ्यात पडतं. तोंडानं मागितलं की माणूस त्याला बांधलं जातं. पदर पसरून मागायचं, मग लेक असो की सून असो की पाटलीण असो. आणि अक्षय तृतीयेपर्यंतच. त्या दिवशी सांजेला मडक्याचं तोंड बांधलं की मळईच्या पेरणीपर्यंत, म्हणजे हिवाळ्यापर्यंत, पुन्हा उघडायचं नाही. “तुझ्या मायनं एका शब्दानं मागितलं आस्तं तर मी सोता गाडी जुपून आली आस्ती,” ती म्हणाली. अक्षय तृतीया दोन दिवसांवर होती.

ते दोन दिवस मला कसे गेले ते मलाच माहीत. मागितलं तर मायचा शब्द मोडतो, न मागितलं तर वाळूक जातं. वाळूक गेलं तर माय जन्मभर गरम हाताची ठरते. आणि या दोन्हींच्या आधी माझा घसा उभा होता, त्याचं काय करायचं ते कुणीच सांगितलं नव्हतं.

अक्षय तृतीयेला घरात आंब्याचा रस, पोळ्या, पितरांसाठी पाण्यानं भरलेली मातीची केळी, म्हणजे लहान घागर, आणि तिच्यावर आंबा. दुपार कलली तशा बायका यायला लागल्या. कुणी गावातल्या, कुणी पलीकडच्या काठावरून पात्र ओलांडून आलेल्या. प्रत्येक जण ओसरीवर बसायची, पाणी प्यायची, इकडचं तिकडचं बोलायची आणि उठताना पदर पसरायची. “सोजरबाई, वाळकाचं बी द्या.” एवढंच. आत्या मूठ भरून द्यायची आणि सोडून द्यायची नाही. मागल्या वर्षीचं काय केलं, किती वेल धरले, कुणाला पुढं दिलं, सगळी झडती. एका म्हातारीनं कबूल केलं की मागल्या वर्षीचं तिच्या नातवानं भाजून खाल्लं. आत्या म्हणाली नातवाला घेऊन या, त्यालाच पदर पसरायला लावते. सगळ्या हसल्या. मी दाराच्या आड उभी राहून बघत होते. मागणाऱ्यांपैकी एकीचंही काही कमी झालेलं मला दिसलं नाही. उलट उठून जाताना त्या जरा ताठच चालत होत्या.

सांज झाली. बायका गेल्या. आत्यानं मडकं चुलीमागून काढून ओसरीवर आणलं, तोंडावर फडकं टाकलं आणि दोरी घेतली. मामा खाटेवर बसून उगाच खोकत होते. ती दोरी बांधायला आत्यानं जेवढा वेळ लावला तेवढ्यात चार बैलांची औतं जुंपून झाली असती, असं मामा पुढं कितीतरी वर्षं सांगायचे. एक वेढा घातला, तो सैल झाला म्हणून सोडला. पुन्हा घातला. दोरीला पीळ बसत नाही म्हणाली. मी दारातून एक पाऊल बाहेर आले. तेव्हाच मायचं वाक्य मला नीट आठवलं. माझ्या नावानं मागू नगंस, असं ती म्हणाली होती. तिच्या नावानं नाही, एवढंच; माझ्या स्वतःच्या नावाचं ती काहीच बोलली नव्हती.

“आत्याबाई, मला बी पायजे.”

दोरी थांबली. “कुणाला?”

“मला. मायला न्हाई. माझ्या नावाचं पायजे.”

माझा आवाज मला अनोळखी वाटला, जरा जाडच निघाला. मामांचा खोकला बंद झाला. आणि आत्याला तिचं ते मोठं हसू आलं, डोळ्यात पाणी येईपर्यंत. “पसर मग,” ती म्हणाली. माझ्या अंगावर पदर कुठला? मी परकराचा घेर दोन्ही हातांनी धरला. तिनं एक मूठ टाकली, मग दुसरी. मग म्हणाली, “आता ह्ये तुझं. मागितल्याबिगर कुणाला द्यायचं न्हाई. मायलाबी न्हाई.” मी मान हलवली. “तोंडानं बोल.” मी हो म्हणाले.

घरी आले तेव्हा माय परसात आळी खणत होती. माझ्या कमरेची गाठ तिला लांबूनच दिसली. तिनं हात पुसले, तोंड फुलून आलं, आणि गाठीला हात घातला. मी मागं सरले. जन्मात कधी तिला नाही म्हणाले नव्हते. आत्यानं काय सांगितलं ते मी सांगितलं. मी मागितलं, पण तुझ्या नावानं नाही, माझ्या, हेही सांगितलं. आणि मागितल्याशिवाय तुलाही द्यायचं नाही, हेही. मायनं हात मागं घेतला. रागावली की काय ते कळेना. मग पुन्हा खणायला लागली. दादांनी सगळं ऐकून मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, “दोघी नणंद-भावजय पोरीच्या परकरात अडकल्या.” ते एवढे हसले की माय त्यांना खुरपं घेऊन उठली.

बी खुंटीला टांगलेलं राहिलं. माय रोज त्याच्याखालून जायची. आळी तयार केली, शेणखत घातलं, न्हाणीचा चर साफ केला, सगळं केलं, त्या खुंटीकडं सोडून. मृग जवळ आला, दुपारी ढग जमायला लागले, तरी ती काही बोलेना. मीच कासावीस झाले. एकदा वाटलं देऊन टाकावं गुपचूप. पण तोंडानं हो म्हटलं होतं. आणि मग एक दिवस भाकरी झाल्यावर तिनं हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला, ओसरीवर मी ज्वारी पाखडत बसले होते तिथं माझ्यासमोर आली आणि दोन्ही हातांनी पदर पसरला.

“कौसाबाई, वाळकाचं बी द्या.”

अहो-जाहोनं म्हणाली. आत्याच्या दारातल्या बायका म्हणायच्या तसं. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, मी सूप खाली ठेवलं. मी खुंटीवरून बी काढून सगळंच तिच्या पदरात ओतायला निघाले, तर तिनं हात धरला. “निम्मंच,” ती म्हणाली. “पाऊस फसवील. निम्मं तुझ्यापाशी राहू दे.”

आणि पावसानं फसवलंच. मृगात दोन चांगल्या सरी, बी टरारून वर आलं, आणि मग तो गेला तो गेलाच. कोवळ्या वेलांना न्हाणीचं पाणी किती पुरणार. दादांनी अंघोळीचे तांबे वाढवले तरी ते गेले. आषाढ सरता सरता पुन्हा आभाळ भरलं तेव्हा मायनं पुन्हा पदर पसरला, आणि या वेळी मी न हसता दिलं. त्या उशिराच्या वेलांनी परस भरून टाकलं. दोडक्याच्या मांडवावर चढले, कुडावर चढले, शेजारच्यांच्या गोठ्यावर गेले. शेजारीण म्हणाली, या वेलाला जरा लाजायला शिकवा, तुमच्या पोरीकडून.

भाऊबीजेला आत्या आली. तीन-चार वर्षांत पहिल्यांदा. दादांना ओवाळलं, ओसरीवर टेकली. माय चहा घेऊन आली आणि भिंतीकडं न बघता म्हणाली, “वन्सं, चहा घ्या.” आत्यानं घेतला. मग दादांची तब्येत, ज्वारीची पेरणी, कासारणीच्या बांगड्या, सगळं बोलून झालं. वाळकाचं कुणी नाव काढेना. शेवटी मायनं बियाला सोडलेलं सगळ्यात मोठं पिवळं वाळूक आणून आत्यासमोर ठेवलं आणि विळी सरकवली. आत्यानं ते चिरलं, देठाकडचा काप तोंडात टाकला, आणि सावकाश चावत राहिली. परसात बघितलं, वेल कुठवर गेलेत ते बघितलं. मग आपल्या नेहमीच्या, आळीभर ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाली, “टिकलं गं वयनी तुझ्या हाताला.”

“माझ्या न्हाई,” माय म्हणाली, “तिच्या.” आणि दोघी मला शोधायला लागल्या. मी तोवर कणगीच्या आड जाऊन बसले होते.